हलक्या भिंती, जड पावलं

विटांच्या भिंतीआडचा शेजारी ऐकू येत नाही, त्याचं श्रेय बहुतांशी वजनाला जातं. 1911 मध्ये म्युनिकच्या रिचर्ड बर्गर यांनी प्रयोगांतून हे मांडलं: भिंतीचं दर चौरस मीटरचं वजन दुप्पट केलं की ध्वनिरोधन साधारण 5 ते 6 डेसिबलने वाढतं. हिशोब सरळ, पण महागडा. पुढच्या 6 डेसिबलसाठी आधीच जड झालेली भिंत पुन्हा दुप्पट करावी लागते.

हलक्या भिंती ज्या जिप्सम बोर्डाच्या (कागदाच्या थरांत दाबलेल्या जिप्समच्या पातळ तक्त्याच्या) करतात, त्याची मुळं त्याही आधीची. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांना 1894 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. गिलावा वाळायची वाट पाहावी लागत नाही, एवढ्या एका गुणावर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरबांधणीत बोर्डाने जम बसवला. आवाजाचा विचार बराच मागून आला.

तो आला तेव्हा वजनाच्या नियमातून पळवाट सापडली. दोन पातळ पडदे, मध्ये हवेची पोकळी. 1950 मध्ये आल्बर्ट लंडन यांनी अशा दुहेरी भिंतींचं गणित प्रसिद्ध केलं. पोकळीतली हवा स्प्रिंगसारखी वागते. एका ठरावीक वारंवारतेच्या (सेकंदाला होणाऱ्या कंपनांच्या संख्येच्या, जी हर्ट्झमध्ये मोजतात) वर दोन्ही पडदे एकमेकांपासून सुटे पडतात आणि रोधन झपाट्याने चढतं. पोकळीत रॉकवूल (दगडापासून केलेली तंतुमय लोकर) भरलं आणि दोन बाजूंचे बोर्ड वेगवेगळ्या सांगाड्यांवर बसवले, तर चौरस मीटरला जेमतेम 50 किलोची भिंत 400 किलोच्या विटांच्या भिंतीशी बरोबरी करते. दोन्ही बोर्ड एकाच उभ्या पट्टीला स्क्रूने आवळले, की त्या पट्टीतूनच आवाज पलीकडे जातो आणि पोकळीचा बराच फायदा वाया जातो.

पण त्या ठरावीक वारंवारतेच्या आसपास हीच भिंत उघडी पडते. चौरस मीटरला 10 किलोचे दोन बोर्ड आणि 70 मिलिमीटर पोकळी घेतली, तर ती सुमारे 100 हर्ट्झवर येते. युरोपातल्या प्रमाणित मोजणीची सुरुवातही नेमकी 100 हर्ट्झपासून होत असे. ती पद्धत जड भिंती आणि बोलण्याचा आवाज डोळ्यांसमोर ठेवून घडली होती. त्यामुळे हलकी भिंत कागदावर उत्तम गुण मिळवायची आणि शेजारच्या स्पीकरचा घुमणारा बास तसाच येत राहायचा.

मजल्यांची गत आणखी वाईट. त्यांच्या तपासणीसाठी ठोके देणारं यंत्र वापरतात: 500 ग्रॅमचे पाच हातोडे, 40 मिलिमीटरवरून, सेकंदाला दहा ठोके. अनवाणी चालणाऱ्या माणसाशी या टकटकीचा फारसा संबंध नाही. टाचेचा धक्का मंद आणि जड असतो, त्याची ताकद 100 हर्ट्झच्या खाली एकवटलेली असते. काँक्रीटच्या स्लॅबवर हा फरक खपून गेला, लाकडी मजल्यावर नाही. लाकडी बांधणीची जुनी परंपरा असलेल्या जपानने या बाबतीत जास्त शहाणपण दाखवलं असं मला वाटतं: तिथे मोटारीचं टायर आणि पुढे 2.5 किलोचा रबरी चेंडू मजल्यावर टाकून मोजणी होऊ लागली.

युरोपात कोंडी फुटली ती स्वीडनमुळे. आगीच्या भीतीने तिथे दोन मजल्यांवरच्या लाकडी इमारतींना शतकाहून जास्त काळ बंदी होती. 1994 च्या सुमारास ती उठली. उंच लाकडी घरं उभी राहिली आणि वरच्या मजल्याच्या धपधपीच्या तक्रारी सुरू झाल्या. ध्वनिरोधनाचे गुण ठरवणाऱ्या आयएसओ 717 या आंतरराष्ट्रीय मानकाने 1996 मध्ये 50 हर्ट्झपासूनचा आवाज गुणांत धरणारी दुरुस्ती ऐच्छिक ठेवली होती. स्वीडनने 1999 मध्ये ती नियमातच घातली. नंतर तिथल्याच ‘अकुलाइट’ या संशोधन प्रकल्पातून दिसलं की रहिवाशांचा त्रास आकड्यांशी जुळवायचा, तर पावलांच्या आवाजासाठी 20 हर्ट्झपर्यंत खाली उतरावं लागतं.

इतक्या खालच्या वारंवारतेला मोजणंच अवघड होतं. 50 हर्ट्झची ध्वनिलहर जवळपास 7 मीटर लांब, म्हणजे झोपायच्या खोलीपेक्षा मोठी. मायक्रोफोन खोलीच्या मध्यावरून कोपऱ्यात नेला की आकडा बदलतो. म्हणून 2014 पासूनच्या आयएसओ 16283 या मोजणीच्या मानकात 25 घनमीटरपेक्षा लहान खोल्यांसाठी कोपऱ्यांत वेगळं मोजमाप घ्यायला सांगितलं आहे.