द्नेव्नोय दोझोर (दिवसाची गस्त)

द्नेव्नोय दोझोर : तिमूर बेकमाम्बेतोव्ह यांनी दिग्दर्शित केलेला रशियन अद्‌भुतरम्य मारधाडपट. रशियात १ जानेवारी २००६ रोजी प्रदर्शित. २००४ सालच्या ‘नोच्नोय दोझोर’ (रात्रीची गस्त) या चित्रपटाचा हा पुढचा भाग असून दोन्हींना सेर्गेई लुक्यानेन्को यांच्या कादंबऱ्यांचा आधार आहे. रशियन ‘दोझोर’ म्हणजे गस्त, पहारा. रशियाबाहेर तो ‘डे वॉच’ या नावाने ओळखला जातो.

नावात पहिल्यांदा ऐकणाऱ्याची फसगत होते. रात्रीची गस्त घालणारे प्रकाशाच्या बाजूचे आहेत आणि दिवसाची गस्त घालणारे अंधाराच्या. अंधारवाले रात्री बाहेर पडतात म्हणून त्यांच्यावर नजर ठेवायला प्रकाशवाले रात्रपाळी करतात आणि प्रकाशवाल्यांनी दिवसा मर्यादा ओलांडू नये म्हणून अंधारवाले दिवसपाळी. म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांवर बसवलेले हे पहारेकरी आहेत. दोघांना बांधून ठेवणारा एक जुना तह आहे. शतकांपूर्वी दोन्ही सैन्ये एका पुलावर भिडली, बळ अगदी सारखे निघाले, लढाई चालू राहिली तर कोणीच उरणार नाही हे दिसले, तेव्हा हा तह झाला. तो पाळला जातो की नाही हे पाहणारे तिसरे खाते म्हणजे ‘इन्क्विझिशन’.

माणसांमध्ये मिसळून राहणाऱ्या या शक्तिमान मंडळींना रशियनमध्ये ‘इनिये’ म्हणजे ‘इतर’, ‘वेगळे’ म्हणतात. जन्मतः ते कोणत्याच बाजूचे नसतात. बाजू एकदा निवडली की बहुधा ती कायमची. आपल्या स्वतःच्या सावलीत पाऊल टाकले की त्यांना ‘सुमराक’मध्ये, म्हणजे तिन्हीसांजेसारख्या करड्या जगात शिरता येते. कादंबरीत या जगाच्या पहिल्या थरात माणसांच्या भावनांवर पोसणारे निळे शेवाळ माजलेले असते. पडद्यावर त्याच्या जागी डासांचे थवे घोंगावतात.

या मालिकेची खरी गंमत तिच्या कारकुनीत आहे. इथे पिशाच्चाला माणसाचे रक्त प्यायचे तर परवाना लागतो. प्रकाशवाल्याने एखादे मोठे सत्कृत्य केले तर तोल राखण्यासाठी अंधारवाल्यांना तेवढेच एक दुष्कृत्य करण्याचा हक्क मिळतो. चित्रपटात रात्रीच्या गस्तीचे कार्यालय ‘गोरस्वेत’ या नगर वीजदिवे खात्याच्या नावाखाली चालते आणि तिचे लोक त्या खात्याच्या पिवळ्या मालट्रकमधून फिरतात. पहिल्या कादंबरीच्या सुरुवातीलाच दोन्ही गस्तींच्या सेन्सॉरचा शेरा छापलेला आहे. सोव्हिएत दफ्तरशाहीत वाढलेल्या वाचकाला हा विनोद समजावून सांगावा लागत नव्हता. शिक्का, परवाना आणि ‘साहेब जेवायला गेलेत’ यांत उमर गेलेल्या मराठी वाचकालाही तो समजावून सांगावा लागू नये.

लुक्यानेन्को (जन्म १९६८) कझाकस्तानातील कराताऊचे. अल्माअटा येथे ते मानसोपचाराचे डॉक्टर झाले आणि नंतर पूर्णवेळ लेखनाकडे वळले. ‘नोच्नोय दोझोर’ ही कादंबरी १९९८ साली आली. ‘द्नेव्नोय दोझोर’ ही पुढची कादंबरी त्यांनी व्लादिमीर वसील्येव्ह यांच्यासह लिहिली. बेकमाम्बेतोव्ह (जन्म १९६१) हेही कझाकस्तानचेच, कास्पियन किनाऱ्याजवळच्या गुर्येव (आताचे अतिराऊ) गावचे. त्यांचे नाव झाले ते जाहिरातींमुळे. १९९० च्या दशकात एका बँकेसाठी त्यांनी इतिहासातल्या सम्राटांवर आणि सेनापतींवर छोट्या जाहिरातपटांची मालिका केली होती. तिच्यात तैमूरलंगही होता. ‘द्नेव्नोय दोझोर’ची सुरुवात तैमूरच्या स्वारीने होते आणि ते दृश्य त्याच जाहिरातीचा वाढवलेला अवतार वाटते: धूळ, घोडे, फुटणारी तटबंदी आणि कुठेही न थांबणारा कॅमेरा. दिग्दर्शकाचे नावही तिमूरच, हा योगायोग त्यांना आवडला असणार.

तैमूर शोधत असतो ‘मेल सुद्बी’, म्हणजे नियतीचा खडू. या खडूने लिहिलेले खरे ठरते, घडून गेलेलेही बदलते. अट एवढीच की ज्याने त्याने आपलेच प्राक्तन दुरुस्त करावे. मराठी मनाला हे जरा विचित्रच वाटेल, कारण आपल्याकडे सटवाई पाचवी-सहावीच्या रात्री कपाळी लिहून जाते आणि ते पुसण्याची सोय नाही. इथे मात्र लिहिण्याचे साधन शाळेतल्या खडूसारखेच, आणि ते हाती लागले की कोणीही लिहावे. शोधासाठी तैमूरलाच निवडण्यातही एक डाव आहे. सोव्हिएत मानवशास्त्रज्ञ मिखाईल गेरासिमोव्ह यांचा समावेश असलेल्या पथकाने जून १९४१ मध्ये समरकंदला तैमूरची कबर उघडली आणि काही दिवसांतच हिटलरने सोव्हिएत संघावर स्वारी केली. तेव्हापासून ‘तैमूरच्या शापा’ची आख्यायिका त्या भागात घरोघरी आहे. तैमूर आणि नियती हे शब्द जोडीने आले की तिथल्या प्रेक्षकाचे कान टवकारतात.

कथेचे मूळ पहिल्या भागात आहे. १९९२ साली मॉस्कोत अन्तोन गोरोदेत्स्की हा तरुण निघून गेलेली बायको परत यावी म्हणून दार्या नावाच्या चेटकिणीकडे जातो. बायकोच्या पोटातले मूल दुसऱ्याचे आहे, ते मारावे लागेल आणि पाप तुझ्या माथी येईल, असे ती सांगते. तो होकार देतो. टाळी वाजून मंत्र पुरा होणार इतक्यात रात्रीच्या गस्तीचे लोक तिला पकडतात. मूल वाचते. ते अन्तोनचेच असते. बारा वर्षांनी हा मुलगा, येगोर, अंधाराची बाजू निवडतो तिथे पहिला भाग संपतो.

दुसऱ्या भागात अन्तोन (कोन्स्तान्तिन खाबेन्स्की) गस्तीत नोकरी करतो आहे आणि स्वेतलाना (मारिया पोरोशिना) या नव्या शिकाऊ सहकारिणीला तयार करतो आहे. ती प्रकाशाच्या बाजूची प्रचंड शक्ती, तर येगोर तितकाच बलाढ्य अंधाराच्या बाजूचा. दोघे समोरासमोर आले तर तह मोडणार. अन्तोन एकीवर प्रेम करतो आणि दुसऱ्याचा बाप आहे. येगोरने एका म्हातारीवर केलेला हल्ला तो पाठीशी घालतो आणि नेमका त्याच सुमारास अंधारवाल्यांचे खून पडू लागून संशय त्याच्यावर येतो. प्रकाशवाल्यांचा प्रमुख गेसेर (व्लादिमीर मेन्शोव्ह) त्याला लपवण्यासाठी त्याच्या आणि ओल्गा या सहकारिणीच्या शरीरांची अदलाबदल करतो. अंधारवाल्यांचा प्रमुख झावुलोन (व्हिक्तोर व्हेर्झबित्स्की) आपले फासे टाकत राहतो. खडू हातोहात फिरतो. मधला बराच भाग नीट सांगता येत नाही, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो नीट कळतोच असे नाही. कथानकाचे ओझे संकलनाने पेलण्याचा हा प्रयत्न आहे आणि तो सगळीकडे जमलेला नाही.

जमला आहे तो शरीरबदलाचा भाग. ओल्गाची भूमिका करणाऱ्या गालिना त्युनिना या मॉस्कोतील प्योत्र फोमेन्को यांच्या नाट्यशाळेतल्या कसलेल्या अभिनेत्री. बराच वेळ त्यांना खाबेन्स्कीचा अन्तोन व्हायचे आहे, तेही स्त्रीच्या देहात अडकलेला, उंच टाचांना वैतागलेला. स्वेतलाना त्याला ओल्गाच समजून अन्तोनविषयी मन मोकळे करते तेव्हा त्युनिनांच्या चेहऱ्यावर आनंद, शरम आणि चोरून ऐकल्याचा अपराध एकदम उमटतात. एवढ्या धावपळीच्या चित्रपटात दोन माणसे खरोखर एकमेकांशी बोलतात असे हे बहुधा एकमेव दृश्य.

प्रेक्षकांच्या लक्षात मात्र राहिली ती लाल गाडी. अलीसा या चेटकिणीच्या भूमिकेत झान्ना फ्रिस्के होती. ‘ब्लेस्त्याश्चिये’ या गायिकांच्या गटातून पुढे आलेली ही लोकप्रिय गायिका २०१५ साली मेंदूच्या कर्करोगाने वारली. अलीसा लाल माझ्दा गाडी ‘कोस्मोस’ हॉटेलच्या अर्धगोलाकार दर्शनी भिंतीवर चढवते, खिडक्यांच्या काचांवरून आडवी पळवते आणि थेट आत घुसवते. मॉस्कोतील हे पंचवीस मजली हॉटेल १९८० च्या ऑलिंपिकसाठी बांधले गेले आणि १९७९ साली उघडले. सोव्हिएत काळात मॉस्कोला आलेल्या पाहुण्यांना ते ओळखीचे. एका परीने ही मोटारीची जाहिरातच आहे आणि मालिकेतल्या अशा जाहिरातींची रशियात भरपूर टिंगलही झाली. पण त्या सोव्हिएत काचेवरून जपानी गाडी धावते तेव्हा २००० नंतरची मॉस्को, तिच्या हातात नुकता आलेला पैसा आणि तो उडवण्याची घाई एका फटक्यात दिसते.

कादंबरीशी चित्रपटाचे नाते नावापुरतेच म्हणावे लागेल. ‘द्नेव्नोय दोझोर’ नावाच्या कादंबरीतून या चित्रपटात जवळजवळ काहीच आलेले नाही. खुनाचा आळ, शरीरांची अदलाबदल आणि खडू हे सारे पहिल्याच कादंबरीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांतले. दुसऱ्या कादंबरीची सुरुवात अलीसाच्या तोंडून होते आणि ती क्रिमियातल्या ‘आर्तेक’ या मुलांच्या शिबिरात घडते. तिथे तिचे प्रेम जडते ते विरुद्ध पक्षाच्या माणसावर. चित्रपटाने तिला कोस्त्या हा पिशाच्च-तरुण (अलेक्सेई चादोव्ह) देऊन टाकला. येगोर अन्तोनचा मुलगा असणे हीसुद्धा चित्रपटाचीच भर. पटकथेत स्वतः लुक्यानेन्को सहभागी असल्याने तक्रार करायला कोणी उरले नाही. कादंबरीतला अन्तोन तासन्‌तास नीतीचा कीस पाडतो. चित्रपटाला तेवढा वेळ नाही, म्हणून त्याने बापलेकाचे नाते घातले, आणि चित्रपटापुरते ते मूळ तर्ककुतर्कांपेक्षा जास्त घट्ट बसले.

निर्मिती रशियातील ‘पेर्वी कानाल’ म्हणजे पहिल्या दूरचित्रवाहिनीची. वाहिनीचे प्रमुख कोन्स्तान्तिन एर्न्स्त आणि अनातोली माक्सिमोव्ह हे निर्माते. देशभर दिसणारी वाहिनीच मालक असल्यावर प्रसिद्धीला तोटा नव्हता. मुहूर्तही हेरून धरलेला. रशियात नववर्षाची लांबलचक सुट्टी २००५ पासूनच सुरू झाली होती आणि घरात बसून कंटाळलेल्या लोकांना पहिल्याच दिवशी चित्रपटगृहात बोलावले गेले. पहिल्या भागाने रशियात सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर मिळवले होते. दुसऱ्याने ३ कोटींचा आकडा ओलांडला. खर्च सुमारे ४२ लाख डॉलरच सांगितला जातो. सोव्हिएत संघ मोडल्यावर दशकभर रशियन चित्रपटगृहांत हॉलिवूडचेच राज्य होते. ते मोडता येते हे या दोन चित्रपटांनी दाखवले. परदेशांतील हक्क अमेरिकेच्या फॉक्स कंपनीने घेतले आणि अमेरिकेत चित्रपट जून २००७ मध्ये लागला. परदेशी प्रतींतली उपशीर्षके हा वेगळाच प्रयोग होता. पहिल्या भागात जलतरण तलावातल्या येगोरला पिशाच्चाची हाक ऐकू येते तेव्हा पडद्यावरची अक्षरे रक्तासारखी पाण्यात विरघळत जातात.

शेवटी तह मोडतो आणि मॉस्को कोसळू लागते. ओस्तान्किनोचा ५४० मीटर उंच दूरचित्रवाणी मनोरा पडतो. ज्या वाहिनीने पैसे घातले तिचेच कार्यक्रम या मनोऱ्यावरून प्रक्षेपित होत. शिवाय ऑगस्ट २००० मध्ये त्याला खरोखर आग लागून शहराचे दूरचित्रवाणी संच बंद पडले होते, ही आठवण ताजी होती. या पडझडीतून अन्तोन दार्याच्या जुन्या, आता ओसाड पडलेल्या घरात पोचतो आणि खडूने भिंतीवर तीन रशियन अक्षरे लिहितो: ‘न्येत’. नाही. काळ १९९२ वर परततो, तरुण अन्तोन चेटकिणीला नकार देऊन बाहेर पडतो आणि पावसात त्याला स्वेतलाना भेटते, साधी मुलगी म्हणून.

१९९२ हे साल सहज निवडलेले नाही. सोव्हिएत संघ डिसेंबर १९९१ मध्ये संपला, जानेवारी १९९२ मध्ये सरकारने किमतींवरचे नियंत्रण उठवले आणि लोकांची आयुष्यभराची बचत महिन्यांत मातीमोल झाली. त्या वर्षी घेतलेला एक चुकीचा निर्णय खडूच्या तीन अक्षरांनी मागे घ्यायचा, ही इच्छा २००६ च्या रशियन प्रेक्षागृहात फक्त अन्तोनची नव्हती. सगळा गोंगाट सहन करूनही हा चित्रपट पाहावा तो या भिंतीसाठी.

याच नकाराने पुढच्या भागाची वाटही बंद केली. येगोर, गस्त, तहभंग हे सगळे पुसले गेल्यावर सांगायला काही उरले नव्हते. तिसरा चित्रपट इंग्रजीत काढण्याची बोलणी फॉक्सबरोबर झाली होती, पण तो निघाला नाही. लुक्यानेन्को यांनी कादंबऱ्या मात्र चालू ठेवल्या. सहावी २०१४ साली आली. त्याच वर्षी त्यांनी आपल्या पुस्तकांच्या युक्रेनियन भाषांतरांना मनाई केली. बेकमाम्बेतोव्ह हॉलिवूडला गेले आणि २००८ साली त्यांनी ‘वॉन्टेड’ केला. त्यात खाबेन्स्कीही आहे, उंदरांच्या पाठीवर स्फोटके बांधणाऱ्या माणसाच्या छोट्या भूमिकेत.