भावना लक्षाच्या आड येतात?

‘भावना बाजूला ठेवा, मग लक्ष लागेल’ हा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. पण मेंदूचं काम तसं चालत नाही. लक्ष कुठे द्यायचं हे ठरवण्यात भावनेचाच मोठा वाटा असतो. अँडरसन आणि फेल्प्स या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पडद्यावर भराभर शब्द दाखवले. एका शब्दात मन गुंतलं की पाठोपाठ आलेला दुसरा सहसा निसटतो. तो भावना ढवळणारा असेल तर मात्र जास्त वेळा पकडला जातो! डाव्या अमिग्डलाला, म्हणजे मेंदूतल्या भावनांशी जोडलेल्या भागाला, इजा झालेल्यांमध्ये हा फायदा दिसला नाही. अर्थात, याची किंमतही आहे. शस्त्र दिसलं की नजर अनेकदा त्यावरच खिळते, आणि ते धरणाऱ्याचा चेहरा साक्षीदाराला नीट आठवत नाही. अशा साक्षीदाराला लगेच खोटं ठरवणं अन्यायाचं आहे.