पाण्याचा दिवस आणि पहिला तास

"सर, आज आमच्यात पाणी होतं की."

सहावीतली मुलगी वर्गाच्या दारात उभी. वेणी अर्धी ओली, गणवेशाच्या बाहीवर बादली सांडल्याचा डाग. सोलापुरात या वाक्यावर पुढचा प्रश्न विचारायचा नसतो. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी पहाटेपासून घरातलं लहानथोर कामाला लागतं. पिंप, घागरी, कळश्या, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवायचं. मी "बस खाली" म्हणालो, हजेरीपटावर तिची हजेरी मांडली आणि फळ्याकडे वळलो. पहिल्या तासाची वीस मिनिटं गेली होती.

तीन दिवसांनी मुलांना अपूर्णांकांची बेरीज घातली. तिने लिहिलं होतं : १/२ + १/३ = २/५. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. ही चूक गणिताच्या कुठल्याही मास्तराला नवी नाही. "अर्धी भाकरी खाल्लीस, वर आणखी तिसरा हिस्सा खाल्लास, तर अर्ध्यापेक्षा कमी कशी झाली गं?" असं विचारलं की मुलं जीभ चावतात. ही मात्र गप्प राहिली. वही मागितली तर त्या दिवशीच्या पानावर तिसरं आणि चौथं उदाहरण सुवाच्य अक्षरात उतरवलेलं होतं. पहिली दोन नव्हती. छेद समान का करायचे, ते त्या पहिल्या दोन उदाहरणांत होतं.

मग मी तिची हजेरी चाळली. सबंध सत्रात एकही खाडा नाही! कागदावर ही वर्गातली सगळ्यांत नियमित मुलगी. तेव्हापासून उशिरा येणाऱ्यांच्या नावापुढे पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायला लागलो. दोन महिन्यांत तिचे ठिपके साधारण दर पाचव्या दिवशी पडलेले दिसले. आणि आमच्या वेळापत्रकात पहिला तास रोज गणिताचा, कारण 'सकाळी डोकं ताजं असतं'. म्हणजे शाळेच्या लेखी तिचं काहीच बुडत नव्हतं, पण गणिताच्या पाच तासांतल्या एका तासाची सुरुवात तिला कधी मिळतच नव्हती.

मिनिटांचा हिशेबही काही किरकोळ नाही. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला २२० दिवस आणि १००० तास अध्यापन ठरवून दिलं आहे (पहिली ते पाचवीसाठी २०० दिवस, ८०० तास). म्हणजे दिवसाला साधारण साडेचार तास. एखादं मूल रोज पंधरा मिनिटं उशिरा आलं तर वर्षात ५५ तास जातात, म्हणजे शाळेचे पूर्ण बारा दिवस. हे बारा दिवस कुठल्याच रकान्यात सापडत नाहीत.

पण खरा तोटा मिनिटांचा नाही. तो समजायला १८८५ सालात जावं लागतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने त्या वर्षी स्वतःवरच केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष छापले. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो तोंडपाठ करायचा आणि ठरावीक वेळाने पुन्हा पाठ करायला किती कष्ट वाचतात ते मोजायचा. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के कष्ट वाचत, तासाभराने ४४ टक्के, दुसऱ्या दिवशी जेमतेम एक तृतीयांश. पुढे मात्र उतार मंदावतो. महिन्यानंतरही पाचवा हिस्सा शिल्लक असतो. विसरण्याची घाई असते ती पहिल्याच दिवशी. शाळेतला धडा काही निरर्थक अक्षरांसारखा नसतो, अर्थ लागला की तो जास्त टिकतो. तरी उताराचा आकार साधारण असाच राहतो. २०१५ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हाही वक्र जवळपास तसाच आला.

या घसरणीवरचा उपाय शिक्षकांना एबिंगहाउसच्या आधीपासून ठाऊक आहे. वर्गात शिरल्या शिरल्या ते विचारतात, "काल कुठं होतो आपण?" मुलं आठवतात, चुकतात, कुणीतरी दुरुस्त करतं. वरवर हा वेळ घालवण्याचा प्रकार वाटतो. पण २००६ मध्ये अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट पाडले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेलेले. आठवण्याचा आटापिटा हेच मेंदूला मिळालेलं खत, असं म्हणायला हरकत नाही. पुसट होऊ लागलेली वाट त्या पाच-दहा मिनिटांत पुन्हा तुडवली जाते.

आता तास सुरू झाल्यावर वीस मिनिटांनी येणारं मूल नेमकं काय गमावतं ते बघा. आजच्या धड्याचा थोडा भाग जातोच, पण 'काल कुठं होतो' तो सबंध जातो. उशीर आजचा असतो, नुकसान कालच्या धड्याचं होतं. इतिहासात हे एक वेळ चालून जातं. शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका चुकली तरी राज्याभिषेक समजतो. गणितात आणि वाचायला शिकण्याच्या वयात ते भागत नाही. लसावि हुकला की छेद समान करणं अडतं, ते अडलं की बेरीज अडते, आणि मग मूल स्वतःचा नियम बनवतं : वरचे वर, खालचे खाली.

पाण्याच्या दिवसाला आणखी एक पैलू आहे. पहाटे चारला उठलेलं मूल झोपेचा शेवटचा तुकडा गमावतं. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते, स्वप्नांची झोप मुख्यतः पहाटेकडे. दिवसभर हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात तात्पुरत्या टिपलेल्या गोष्टी झोपेत मेंदूच्या बाह्य थरात पक्क्या होत जातात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ ते बारा तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या वस्तीत, जिथे खटखट रात्रीही थांबत नाही, हा आकडा मोठ्याने सांगायला मलाच संकोच वाटतो.

मोठ्या मुलांचं तर घड्याळच सरकलेलं असतं. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं, तासा-दोन तासांनी. 'रात्री बारापर्यंत जागतो आणि सकाळी उठवत नाही' ही आयांची तक्रार खरी आहे, पण मोबाइल हे तिचं एकमेव कारण नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये शिफारस केली की माध्यमिक शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत. कॅलिफोर्नियात २०२२ पासून तसा कायदा लागू आहे. आपल्याकडे २०२४ मध्ये राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. चांगलंच झालं. पण शरीरशास्त्र विचारलं तर सवलत आधी नववी-दहावीला मिळायला हवी होती. चिमुरडी कशीही पहाटेच उठून बसतात.

नियमांचं बोलायचं तर दहावी-बारावीच्या परीक्षेला ७५ टक्के हजेरीची अट आहे. २२० दिवसांत ही अट पाळून ५५ दिवस गैरहजर राहता येतं! अमेरिकेतल्या शाळा दहा टक्के दिवस बुडाले की मुलाला 'सातत्याने गैरहजर' म्हणून वेगळं काढतात आणि घरी चौकशीला जातात. आपल्या हिशेबाने ते २२ दिवस झाले. आठवीपर्यंत तर खाडे झाले म्हणून मुलाला शाळेतून काढताच येत नाही, कायदाच तसा आहे, आणि तो योग्य आहे. फाटक बंद करून उशिरा आलेल्या पोराला परत पाठवणाऱ्या शाळा मी पाहिल्या आहेत. वीस मिनिटांच्या गुन्ह्याला साडेचार तासांची शिक्षा, आणि तीही त्याच गोष्टीची जिच्यासाठी ओरडत होतो.

मूल शाळेत आणणाऱ्या गोष्टी बहुधा शाळेबाहेरच्या असतात. केनियातल्या शाळांत मुलांना जंतांच्या गोळ्या दिल्या तर खाडे पाव हिश्शाने घटले, असं मिगेल आणि क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये मांडलं. त्या आकडेमोडीवर पुढे कडाक्याचे वाद झाले. तरी जंत, रक्तक्षय आणि शाळेतली मरगळ यांचं नातं कुणी नाकारत नाही, आणि आपल्याकडेही शाळेत अल्बेंडाझोल या जंतनाशकाची ४०० मिलिग्रॅमची गोळी चघळायला देतात. खिचडीचं तर सांगायलाच नको. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी स्वतः कन्नड शिकून पुस्तकं त्या भाषेत आणली, पुस्तकांवर क्यूआर कोड छापले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. कोड सगळ्यांच्या लक्षात राहिले. मला कन्नड जास्त महत्त्वाचं वाटतं. कळत नसलेल्या भाषेत दिवसभर बसणं म्हणजे वर्गात असूनही खाडाच.

आमच्या शाळेत मी एवढंच केलं : मुख्याध्यापकांना पेन्सिलीचे ठिपके दाखवले आणि गणित तिसऱ्या तासाला मागून घेतलं. पहिल्या तासाला चित्रकला आली. चित्रकलेचे सर भडकले. "गणित वाचवायला आमचा विषय पाण्यात बुडवता होय?" त्यांचंही चुकत नव्हतं.

दिवाळीनंतर त्या मुलीची अपूर्णांकांची बेरीज बरोबर यायला लागली. परवा तिची चित्रवही हाताला लागली. डोंगर आहेत, सिद्धेश्वराचं तळं आहे, मधोमध देऊळ आहे, वर आभाळ मात्र कोरं. का गं, म्हटलं. म्हणाली, "आभाळ पहिल्यांदा रंगवायचं असतं सर. मी आले तोवर झालं होतं."