तो उंदीर नव्हता: बडोद्यात अर्धवट आठवणाऱ्या कार्टूनांची पार्श्वभूमी

काळं, गुबगुबीत अंग, लाल नाक, डोक्यावर चार-दोन केस. मातीचा ढिगारा उचलत जमिनीतून वर येतो, बोलत काहीच नाही, नुसता खिदळतो. दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात, मराठी घरात वाढलेली व्यक्ती ‘लहानपणी टीव्हीवर एक उंदीर लागायचा’ असं म्हणून हे वर्णन करते, तेव्हा ते कार्टून शोधताना सगळ्यात आधी ‘उंदीर’ हा शब्द बाजूला ठेवावा. तो उंदीर नाही. तो मोल, जमिनीखाली बोगदे खणणारा युरोपातला प्राणी. आपल्याकडे, पश्चिम भारतात, तो आढळतच नाही. त्यामुळे मराठीत त्याच्यासाठी रुळलेला शब्द नाही. घरातल्या कुणीतरी ‘उंदीर’ म्हटलं, शेजारच्या गुजराती काकींनी ‘छछुंदर’ म्हटलं, आणि मुलाच्या डोक्यात घरचा शब्द राहिला. आज उंदरांची कार्टूनं शोधत गेलं की टॉम अँड जेरी आणि मिकी यांच्यापलीकडे काही हाती लागत नाही.

हा मोल चेकोस्लोव्हाकियातले कार्टूनकार झ्देनेक मिलर यांचा. त्याचा पहिला लघुपट १९५७ सालचा. त्यात त्याला खिसे असलेली विजार हवी असते आणि जवसाच्या रोपापासून कापड कसं होतं ते मुलांना कळतं. पुढच्या लघुपटांतून मिलर यांनी संवाद जवळजवळ काढून टाकले, आणि हसण्याचे, दचकण्याचे आवाज आपल्या मुलींकडून करून घेतले. भाषाच नसलेली फिल्म डबिंगचा खर्च न करता कुठेही दाखवता येते, म्हणून ती देशोदेशी पोचली. पण शोधणाऱ्याची अडचणही त्यातूनच होते. ना गाणं, ना संवाद, ना पात्राचं नाव. चेक नाव ‘क्रतेक’, रोमन लिपीत के-आर-टी-ई-के. एवढी पाच अक्षरं माहीत असली की पाच मिनिटांत शोध संपतो.

बडोद्यात हा गुंता इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे, त्याचं कारण प्रक्षेपणाच्या इतिहासात आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण त्याचं मराठी प्रक्षेपण इथल्या अँटेनाच्या टप्प्यात नव्हतं. गुजरातेत १९७५ पासून खेडा जिल्ह्यातल्या पीज गावातून इस्रोचा टीव्ही प्रसारणाचा प्रयोग चालला. नंतर इथल्या घरांत आलं ते अहमदाबादचं गुजराती आणि दिल्लीचं हिंदी. मुलांनी पाहिलं हिंदीत किंवा गुजरातीत, आणि जेवताना आईला सांगितलं मराठीत. म्हणून ‘ते मराठी कार्टून होतं, मला वाक्यं आठवतात’ असं कुणी ठामपणे सांगितलं तरी पडद्यावरची भाषा मराठी होती असं धरू नये. एक अपवाद मात्र आवर्जून विचारावा: मे महिन्याची सुट्टी कुठे जायची? पुण्याला मामाकडे किंवा मुंबईला मावशीकडे जात असतील, तर तिथे मुंबई केंद्राचं ‘किलबिल’, म्हणजे मुलांचा कार्यक्रम, पाहिलेलं असू शकतं. बडोद्याच्या दिवाणखान्यातली म्हणून सांगितलेली आठवण प्रत्यक्षात दादरच्या खोलीतली असू शकते.

रंगाच्या बाबतीत हमखास चूक होते. दूरदर्शनवर रंग १९८२ साली आला, पण घरातला कृष्णधवल संच त्यानंतरही कितीतरी वर्षं चालू राहिला. ‘काळं-पांढरं होतं, म्हणजे फार जुनं असणार’ हा निष्कर्ष संचाबद्दल खरा असतो, कार्टूनबद्दल नाही. कृष्णधवल एवढ्याच खुणेवर शोध घेतला की नेमकं हवं ते गळून जातं.

वर्ष ठरवायला वय विचारू नये, खुणा विचाराव्यात. ‘रामायण’ जानेवारी १९८७ ते जुलै १९८८, ‘महाभारत’ ऑक्टोबर १९८८ ते जून १९९०, दोन्ही रविवारी सकाळी. कार्टून त्यांच्या आधीच्या काळातलं की नंतरच्या? तेव्हा घर कोणतं होतं, संच कोणत्या भिंतीला होता, धाकटं भावंड झालं होतं का? अशा तीन-चार प्रश्नांत दोन वर्षांचा पट्टा मिळतो. घरात केबल आलेली असेल तर पुढची खूण १ मे १९९५: त्या दिवशी भारतात कार्टून नेटवर्क सुरू झालं. एकाच वाहिनीवर दिवसा कार्टूनं आणि रात्री टीएनटी या वाहिनीचे जुने इंग्रजी चित्रपट अशी तेव्हा विभागणी होती. ‘कार्टून संपलं की इंग्रजी सिनेमा लागायचा’ ही आठवण असेल तर काळ आणि वाहिनी दोन्ही पक्की झाली.

भारतीय कार्टूनांची वाट वेगळी आहे. फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपटसंस्थेच्या कार्टून विभागाला घडवायला डिस्नेमधून क्लेअर वीक्स आले होते; त्यांच्या देखरेखीखाली १९५७ साली जातककथेवरचा ‘द बॅनियन डियर’ तयार झाला. फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट अनेक भारतीय भाषांत निघत आणि टॉकीजमध्ये मुख्य चित्रपटाआधी दाखवले जात. म्हणून टीव्हीची म्हणून सांगितलेली आठवण टॉकीजची तर नाही ना, हेही विचारावं. जाळ्यात अडकलेले पक्षी, जाळ्यासकट उडणं, मग उंदीर येऊन जाळं कुरतडणं, एवढं आठवत असेल तर तो १९७४ सालचा ‘एक अनेक और एकता’. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, चित्रं भीमसेन यांची, संगीत वसंत देसाईंचं. बहुतेक जण तो ‘चिमण्यांचं गाणं’ म्हणून शोधतात. शीर्षक वेगळं असल्यामुळे इतका गाजलेला लघुपटही पुष्कळांना सापडत नाही, याचं वाईट वाटतं.

चित्रं हलत होती की वस्तू, हेही विचारावं. काड्या, वाटाणे, मातीच्या बाहुल्या हलताना आठवत असतील तर ते रेखाटलेलं कार्टून नव्हे. वस्तू किंचित सरकवून एकेक चित्र घेत केलेलं ते काम, आणि त्याच्या याद्या वेगळ्या असतात. हे तंत्र भारतात आणणाऱ्यांत दादासाहेब फाळके अगदी आरंभीचे. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ याच पद्धतीने केली होती.

डब केलेल्या मालिकांत शीर्षकगीत फसवतं. १९९३ साली दूरदर्शनवर आलेलं ‘जंगल बुक’ डिस्नेचं नव्हे. निप्पॉन अ‍ॅनिमेशनची ती ५२ भागांची मालिका जपानमध्ये १९८९-९० मध्ये दाखवली गेली होती. आपल्याला आठवतं ते गुलजारांचं गीत आणि विशाल भारद्वाजांची चाल भारतातच तयार झाली, शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. मूळ जपानी भाग लावला तर यातलं काहीच ऐकू येत नाही, आणि ‘हे ते नाही’ म्हणून माणूस पुढे जातो. त्यामुळे गाण्यावरून नाकारू नये, चित्रावरून ताडून पाहावं.

टॉम अँड जेरीच्या बाबतीत उलटा घोटाळा होतो. ‘तेच मांजर, तोच उंदीर, पण काहीतरी विचित्र, आवाज घुमणारे, भीती वाटायची’ असं कुणी सांगितलं तर ते स्वप्न नव्हतं. त्यांचे जनक हॅना आणि बार्बेरा यांचे मूळ ११४ लघुपट १९४० ते १९५८ मधले. त्यानंतर १९६१-६२ मध्ये जीन डाइच यांनी प्रागमध्ये १३ केले, आणि १९६३ ते १९६७ मध्ये चक जोन्स यांनी ३४. विचित्र वाटलेले बहुधा त्या तेरांतले असतात. तेरा लघुपट एका संध्याकाळी पाहून होतात.

आता प्रत्यक्ष काम. इंटरनेट उघडण्याआधी कागदावर लिहावं: कोण होतं, शेवट काय होता, कोणता आवाज होता, आपण कुठे बसलो होतो. खात्रीचं आणि अंदाजाचं वेगळं लिहावं. एकदा दहा चित्रं पाहिली की मूळ आठवणीत ती मिसळतात आणि परत वेगळी करता येत नाहीत. भावंडांना विचारताना ‘तो ससा निळा होता ना?’ असं विचारू नये. ‘त्यात कोण होतं?’ एवढंच विचारावं. १९७४ मध्ये लॉफ्टस आणि पामर या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली होती. प्रश्नात ‘धडकल्या’ऐवजी ‘चक्काचूर झाला’ अशा धाटणीचं क्रियापद वापरलं, तर आठवड्यानंतर जास्त लोकांना फुटलेल्या काचा आठवल्या. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. दोन भावंडांनी स्वतंत्रपणे लिहिलेल्या कागदांत जे जुळेल, त्यावर भर द्यावा. एकाच आठवणीत शेवट एका कार्टूनचा आणि पात्र दुसऱ्याचं असू शकतं, म्हणून एकेक खूण सुटी शोधावी.

मग हिंदी, गुजराती आणि इंग्रजी शब्दांनी शोधावं, आणि प्राण्याची जवळची नावंही टाकावीत. उंदराऐवजी मोल, कोल्ह्याऐवजी लांडगा, खार किंवा मुंगसाऐवजी बीव्हर (नदीत बांध घालणारा प्राणी). जुन्या वर्तमानपत्रांतला टीव्ही कार्यक्रमांचा रकाना उपयोगी पडतो. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुन्या अंकांची चौकशी करावी. रकान्यात भागाचं नाव मिळालं नाही तरी वार, वेळ आणि पुढचा कार्यक्रम कळतो.

माळ्यावर व्हीएचएस कॅसेट सापडली तर लगेच यंत्रात घालू नये. खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. ती हेडला, म्हणजे यंत्रातल्या टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि त्याच यंत्रातल्या पुढच्या कॅसेटही खराब करते. अशी कॅसेट प्लास्टिकच्या पिशवीत वेगळी ठेवून जाणकाराकडे द्यावी. स्वच्छ असेल तर कडेचा प्लास्टिकचा तुकडा आधी तोडावा, म्हणजे चुकून त्यावर काही रेकॉर्ड होणार नाही.

सापडल्यासारखं वाटलं की लांबी आणि सूर पाहून बिचकू नये. फिल्म सेकंदाला २४ चित्रांची, आपलं टीव्ही प्रक्षेपण ‘पाल’ पद्धतीचं, २५ चित्रांचं. त्यामुळे टीव्हीवर ती सुमारे ४ टक्के वेगाने पळायची, २४ मिनिटांचा भाग २३ मिनिटांत संपायचा आणि आवाज किंचित वर चढायचा. आजची प्रत थोडी संथ आणि जड वाटली तरी ती तीच असू शकते. इंटरनेटवरच्या काही चित्रफिती मालकी हक्काची तपासणी चुकवण्यासाठी डाव्या-उजव्या उलटलेल्या असतात. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली की समजावं.

कागदावरच्या खात्रीच्या खुणांपैकी निदान दोन जुळल्या, आणि त्यातली एक शेवटाची असली, तरच शोध संपला असं धरावं. नुसतं ‘हेच ते’ वाटणं पुरेसं नाही. मग त्याच कागदावर मूळ नाव, देश, वर्ष, भाग लिहून ठेवावा, आणि शेजारी घरातला शब्दही लिहावा. धाकटी बहीण पुढेमागे शोधायला निघेल, तेव्हा ती ‘उंदीर’च म्हणेल.