दाहासह येणाऱ्या मेंदूच्या दुर्मिळ गाठींचे निदान

मेंदूतील काही दुर्मिळ गाठींमध्ये दाहपेशींची (संसर्गाशी वा इजेशी लढणाऱ्या पेशींची) इतकी दाटी होते की मूळ गाठीच्या पेशी त्यांत झाकून जातात. मेंदूचा प्राथमिक लिंफोमा (मेंदूतच सुरू होणारा पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग), जर्मिनोमा (जननपेशींसारख्या पेशींची गाठ), गँग्लिओग्लिओमा (चेतापेशी व त्यांच्या आधारपेशींची गाठ) आणि प्लाझ्मा या दाहपेशींनी भरलेला मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ) ही त्याची उदाहरणे. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे असे रुग्ण बांबोळीला, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात येतात; १८४२ साली पणजीत सुरू झालेल्या पोर्तुगीजकालीन वैद्यकीय शाळेचा हा वारसा.

आपल्याकडे क्षयरोग सर्रास आढळतो. त्यामुळे एमआरआयमध्ये कडा उजळलेली गाठ दिसली की पहिला संशय क्षयाच्या गाठीचा येतो, आणि तो रास्तही असतो. उजळलेले कडे एका बाजूने उघडे दिसले तर मज्जावरण (चेतातंतूंवरचे वेष्टन) झडण्याचा आजार सुचतो. प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या रुग्णात लिंफोमा बहुधा एकसारखा उजळतो. तरी केवळ चित्रावर निकाल देऊ नये.

खरी मेख स्टिरॉइडची. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू केले की सूज उतरते, रुग्ण बोलू लागतो, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण लिंफोमाच्या पेशीही या औषधाने मरतात. मग बायोप्सीत, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, टी-लिंफोसाइट या दाहपेशी आणि मृत पेशी गिळणाऱ्या भक्षकपेशी तेवढ्या सापडतात. म्हणून लिंफोमाची शंका असेल आणि मेंदूवरचा दाब जिवावर बेतणारा नसेल, तर बायोप्सीपर्यंत स्टिरॉइड रोखून धरावे. दाब वाढला असेल तर मात्र ते द्यावेच लागते. अशा वेळी सुरुवातीची तारीख आणि मात्रा कागदावर ठळक लिहिलेली हवी. ही एक ओळ पुढच्या डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

जर्मिनोमा बहुधा किशोरवयात होतो. मूल रात्री पुन्हापुन्हा लघवीला उठते, सारखे पाणी मागते. गाठ पीयूष ग्रंथीजवळ असल्याची ही खूण असू शकते. गाठीभोवती क्षयासारखे कणार्बुद (दाहपेशींचा पुंजका) तयार होते, आणि तुकडा छोटा असला तर फसगत होते. रक्तातील व पाठीतल्या पाण्यातील एएफपी आणि बीटा-एचसीजी ही अशा गाठींची खूण देणारी प्रथिने तपासतात, पण ते सामान्य आले म्हणून जर्मिनोमा नाही असे ठरत नाही. तुकड्यातील पेशींवर ओसीटी-४ आणि सी-किट या जर्मिनोमा ओळखवणाऱ्या प्रथिनांची रंगछटा पाहावी लागते. किरणोपचाराने ही गाठ बहुतांशी बरी होते, म्हणूनच ती निसटणे जास्त दुःखद. लिंफोमासाठी पेशींवरचे सीडी-२० हे प्रथिन आणि एमवायडी-८८ जनुकातील बदल पाहतात.

दुसरे मत हवे असल्यास नातेवाईक मुंबईच्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयात बायोप्सीच्या स्लाइड (काचपट्ट्या) आणि ब्लॉक घेऊन जातात. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला ऊतीचा छोटा तुकडा. तो उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.

अहवालात नुसता ‘दाह’ लिहून आला तरी पाठपुरावा सोडू नये. लिंफोमाच्या आधी काही महिने असा दाह दिसून नाहीसा झाल्याच्या नोंदी आहेत. ठरावीक अंतराने एमआरआय करावा, आणि गाठ परतली तर स्टिरॉइडआधी पुन्हा बायोप्सी घ्यावी.