ल्यूटची वही शोधायची की ल्यूटची धून?

ग्रंथालयाच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये धुनेचं नाव टाकायचं, शून्य नोंदी आल्या की 'इथे नाही' म्हणत पुढच्या ग्रंथालयाकडे वळायचं. ल्यूट या युरोपीय तंतुवाद्याच्या जुन्या हस्तलिखितांच्या नादी लागलेला माणूस ही चूक एकदा तरी करतोच. मी बरेच महिने करत होतो.

थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे. 'हस्तलिखितांची सूची' ही सूची, आणि पुस्तकाच्या शेवटी नावं-पानं दिलेली असतात तीही सूचीच. ग्रंथपाल पहिलीला तालिका म्हणतात, म्हणून इथे तालिका म्हणजे कॅटलॉग आणि सूची म्हणजे इंडेक्स असं धरून चालू.

ल्यूट हे अरबी ऊदचं युरोपीय भावंड. पाठ फुगीर, तारा जोडीजोडीने लावलेल्या, मानेवर आतड्याचे पडदे बांधलेले. सोळाव्या-सतराव्या शतकात वादक आवडलेल्या रचना आपापल्या वहीत उतरवून घेत. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात डीडी.२.११ या क्रमांकाची अशी एक वही आहे. तिच्यात तीनशेहून जास्त रचना आहेत. तालिकेच्या लेखी ती एकच वस्तू: क्रमांक, पानं, अंदाजे काळ, अक्षर कोणाचं, आधी कोणाकडे होती. हे अक्षर मॅथ्यू होम्स या चर्चमधल्या गायकाचं आहे, हे १९६३ साली इयन हारवुड यांनी दाखवून दिलं. तालिकेतल्या नोंदी सुधारतात त्या अशा कामामुळे. पण आतली दोनशेवी रचना कोणती, हे एका वस्तूच्या एका नोंदीत कुठून येणार?

ते सांगते सूची. तिला वहीचं बांधकाम, कागद, मालक यांच्याशी देणंघेणं नसतं. अमुक रचना कोणकोणत्या वह्यांत, कितव्या पानावर आहे, एवढंच ती सांगते. इंग्लिश ल्यूटवादक जॉन डाउलंडची 'लॅक्रिमे' ही पवान (संथ नृत्याची रचना) जुळवायला बसलात तर सूचीशिवाय गत्यंतर नाही, कारण ती इंग्लंडपासून जर्मनीपर्यंत ढीगभर वह्यांत विखुरलेली आहे.

मात्र सूची नावावर चालते, आणि नावं भयंकर बेभरवशाची. लॅक्रिमेचीच स्पेलिंगं उतरवून घेणाऱ्यागणिक बदलतात, ते एक वेळ चालेल. डाउलंडच्या एका गॅलियार्डचं (जलद नृत्याच्या रचनेचं) पाहा. १५९७ च्या छापील पुस्तकात ती 'कॅन शी एक्सक्यूज' या गाण्याच्या रूपात आहे. १६०४ मध्ये तीच धून अर्ल ऑफ एसेक्स या इंग्लिश सरदाराच्या नावाने छापली गेली. त्या अर्लचं डोकं १६०१ मध्येच उडवलेलं होतं. दोन्ही नावं माहीत नसतील तर अर्धी सामग्री हातातून सुटते. शिवाय कित्येक रचनांवर नावच नसतं.

मग सुरुवातीच्या सुरांवरून लावलेली सूची लागते. आता इथे खरी गंमत आहे. ल्यूटचं लेखन (त्याला टॅब्लेचर म्हणतात) स्वरांचं नसतं, बोटांचं असतं: कोणत्या तारेवर कितवा पडदा. सर्वांत वरच्या सुराच्या तारेचा तिसरा पडदा घ्या. फ्रेंच पद्धतीत एकेक रेघ म्हणजे एकेक तार, तेव्हा सर्वांत वरच्या रेघेवर 'डी' अक्षर (मोकळी तार 'ए', पहिला पडदा 'बी', असं पुढे). इटालियन पद्धतीत सर्वांत खालच्या रेघेवर ३ हा आकडा, कारण तिथे क्रम उलटा. जुन्या जर्मन पद्धतीत रेघाच नाहीत, नुसतं 'पी' अक्षर. बोट एकाच जागी, कागदावर तीन वेगळ्या गोष्टी. त्यात लॅक्रिमे ल्यूटवर बहुधा जी मायनर या पट्टीत येते आणि छापील गाण्यात ए मायनरमध्ये, म्हणजे बोटांच्या जागाही बदलल्या. अशी सूची करणाऱ्याने आधी सगळं एका चलनात आणलं नसेल तर ती वापरून फसगत ठरलेली.

तालिकेची फसगत वेगळी असते, ती पत्त्याची. जुन्या लेखांत डाउलंडच्या हस्ताक्षराचे नमुने असलेली वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयातली वही '१६१०.१' म्हणून येते. आज तिचा क्रमांक व्ही.बी.२८० आहे. 'बर्लिन ४००३२' म्हणून ओळखली जाणारी वही दुसऱ्या महायुद्धातल्या स्थलांतरानंतर पोलंडमधल्या क्राकूवच्या यागेलोनियन ग्रंथालयात आहे. सूचीत जुना क्रमांक सापडला की लगेच ग्रंथालयाला मेल टाकू नका. आधी तालिकेत आजचा पत्ता बघा. आणि ऑक्टोबर २०२३ मधल्या सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीची ऑनलाइन तालिका महिनोन्‌महिने बंद होती, तेव्हा छापील खंड किती कामाचे हे अनेकांना नव्याने कळलं.

जगभरातल्या जुन्या संगीतसाहित्याची नोंद करणाऱ्या रिझ्म या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची स्थापना १९५२ ची. त्यातला ल्यूट आणि गिटार टॅब्लेचरच्या हस्तलिखितांचा खंड वोल्फगांग बोटिशर यांनी १९७८ मध्ये काढला. ती तालिका आहे, वह्यांची. हॉवर्ड मेयर ब्राउन यांचं १९६५ चं पुस्तक १६०० पूर्वीच्या वाद्यसंगीताचं आहे आणि त्यात दोन्ही कामं होतात: पुढे सालवार पुस्तकं व प्रत्येकातल्या रचना, मागे नावांच्या आणि पहिल्या ओळींच्या सूच्या. लोक ते हस्तलिखितांसाठीही उघडतात आणि हिरमुसतात, कारण ते फक्त छापील पुस्तकांचं आहे.

शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात कापिरोला या इटालियन ल्यूटवादकाची वही आहे, साधारण १५१७ ची. ती उतरवणाऱ्या विदाल या शिष्याने पानापानावर प्राणी-पक्षी रंगवले. का, तेही त्यानेच लिहून ठेवलंय: उद्या वही संगीत न कळणाऱ्याच्या हाती पडली तर निदान चित्रांसाठी तो ती जपेल. रचनांच्या सूचीत या वहीच्या ओळी दिसतील, नावं आणि पानं. ते ससे आणि पाखरं शोधायची तर तालिकाच उघडावी लागेल.