लाकडी घरांचं बाहेरचं रंगकाम (मुंबई)

गिरगावातली खोताची वाडी, माझगावची माथारपाखाडी, वांद्र्याचं रणवार इथल्या जुन्या घरांच्या बाहेरच्या फळ्या, जाफरी, कठडे, जिने यांचा सुटलेला रंग काढून, लाकूड दुरुस्त करून परत रंगवायचं काम. चाळींच्या लाकडी गॅलऱ्यांनाही बहुतेक सगळं हेच लागू.

या घरांना सरसकट 'पोर्तुगीज' म्हणतात, ते जरा जपून घ्यावं. मुंबई बेट १६६१ च्या करारान्वये इंग्रजांकडे जायचं ठरलं आणि १६६५ मध्ये प्रत्यक्ष गेलं, वांद्रं मुंबईच्या उत्तरेकडच्या साष्टी बेटात असल्याने तिथला पोर्तुगीज अंमल १७३० च्या दशकापर्यंत टिकला, पण आज उभी असलेली घरं बहुतांशी एकोणिसाव्या शतकातली किंवा नंतरची दिसतात. उघडा व्हरांडा आणि बाहेरचा जिना पोर्तुगीज वळणाचा असं एक मत, कोकणातल्या ओटी-पडवीचंच हे शहरी रूप असं दुसरं. पावसापासून भिंत वाचवायची गरज दोन्हीकडे सारखीच आणि सुतार इथलेच, त्यामुळे दुसरं मत जास्त पटतं. १८०३ च्या आगीत फोर्टातली लाकडी घरं बरीच जळाली, त्याआधीचा पुरावा तुटकच.

रंगाऱ्यांच्या तोंडच्या 'बेलतेल' या शब्दाचंही तसंच. काही जण तो बेलफळाशी जोडतात, पण हे तेल अळशीचं, म्हणजे जवसाचं, शिजवून घट्ट केलेलं, तेव्हा 'बॉइल्ड'वरून 'बेल' झालं असावं. कच्चं अळशीचं तेल लाकडात छान मुरतं पण कितीतरी दिवस चिकट राहतं, बेलतेल एक-दोन दिवसांत वाळतं. हे वाळणं म्हणजे पाण्यासारखं उडून जाणं नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते, म्हणून तेल पुसलेल्या चिंध्यांचे बोळे एकत्र कोंबून ठेवले तर आपोआप पेट घेऊ शकतात. लाकडी घरात हे विसरून चालणारच नाही, बोळे पाण्यात बुडवावेत किंवा उघड्यावर सुटे पसरून वाळवावेत.

रंग सुटतो तो बहुतेक वेळा मागून आलेल्या ओलीमुळे. गळकी पन्हळ, फुटलेलं कौल, फळीचं उघडं टोक हे आधी बघायचं, नाहीतर कितीही भारी डबा आणा, दोन पावसाळ्यांत पोपडे येणार. फळीच्या खालच्या टोकाला सुरीचं टोक टोचून बघावं, लोण्यासारखं आत गेलं तर तेवढा तुकडा बदलायचा, वरून लांबी (भेगा बुजवायची पुट्टी) भरून भागत नाही. काम दिवाळीनंतर ते मेअखेर, कारण लाकडातला ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या खाली यायला हवा.

मग परांची बांधून पट्टीने सुटा रंग खरवडायचा, घट्ट बसलेला राहू द्यायचा, त्याच्या कडा पॉलिश पेपरने उतरत्या करायच्या. जुन्या थरांत शिसं असतं असंच धरून चालावं (घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, मर्यादा भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून), म्हणून कोरडं घासू नये, पाणी मारून घासावं, खाली प्लास्टिक अंथरावं, पोरांना लांब ठेवावं आणि ब्लोटॉर्च तर अजिबात नको. सागवान मुळात तेलकट, उघडं पडलं की टर्पेंटाइनने पुसून घ्यावं. उघडं लाकूड उन्हात फार दिवस ठेवलं तर वरचा थर करडा होऊन भुसभुशीत होतो, त्यावर रंग धरत नाही, तेव्हा प्रायमर लगेच. भोकं-भेगांत लांबी प्रायमरनंतर, आधी भरली तर कोरडं लाकूड तिच्यातलं तेल पिऊन टाकतं आणि ती सुटून पडते. टोकांना प्रायमरचे दोन हात द्यावेत, पाणी तिथूनच सगळ्यात जास्त शिरतं. वर ऑइल पेंट किंवा अॅक्रिलिकचे दोन हात. ऑइल पेंट काही वर्षांनी कडक होऊन तडकतो, अॅक्रिलिक लाकडाबरोबर फुगतं-आकसतं, पण चकचकीत जुन्या ऑइल पेंटवर नीट घासल्याशिवाय बसत नाही.

मूळ रंग कुठला हे बघायला कोपऱ्यात रुपयाएवढी जागा ओल्या पॉलिश पेपरने हळूहळू उतरवत जातात, हिरवं, मग पिवळसर, मग तपकिरी अशी एकात एक कडी दिसत जातात. सगळ्यात खालचं कडं मात्र बरेचदा नुसत्या प्रायमरचं असतं, मूळ रंग त्याच्या वरच्या थरात शोधावा.